आडवे शब्द, उभे अर्थ

‘दिवाळीच्या फराळाचा घाट, पाथर्डीच्या वाटेवर.’ उत्तराला घरे तीन.

संकेत वाचला की मनात आधी स्वयंपाकघर येते. कढई चढली आहे, डबे घासून पालथे घातले आहेत, कुणीतरी सणाला पाथर्डीला निघाले आहे आणि त्याच्यासाठी हा सगळा घाट घातला आहे. चित्र पुरेपूर जुळते. पण घाट म्हणजे खटाटोप, हा अर्थ क्षणभर बाजूला ठेवा. घाट म्हणजे डोंगरातला वळणाचा रस्ताही असतो. नगरहून पाथर्डीला जाताना लागतो तो करंजी घाट, आणि दिवाळीच्या ताटात असते तीही करंजीच. क, रं, जी. तीन घरे भरली.

उत्तर सापडल्यावर संकेत पुन्हा एकदा वाचावा. त्यात एकही शब्द खोटा नाही, एकही फालतू नाही. फराळ खरा, घाट खरा, पाथर्डीची वाट खरी. फसवले ते आपल्या सवयीने. ‘फराळाचा’ आणि ‘घाट’ शेजारी आले की मराठी माणूस त्यांची सांगड आपोआप घालतो. वाक्य जिथे एकसंध दिसते तिथेच त्याची शिवण शोधायची आणि ती उसवायची, हे अशा कोड्याचे मुख्य काम. पुढच्या पानांतली कोडी या जातीची आहेत. त्यांचे शब्द बहुतेक नगर जिल्ह्यातल्या रानातले, कालव्यावरचे, कारखान्याच्या आवारातले आणि गावांच्या पाट्यांवरचे आहेत. असे का, आणि ती सोडवायची कशी, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

शब्दकोडे म्हटले की आपल्याला वृत्तपत्राच्या आतल्या पानावरचा काळा-पांढरा चौकोन आठवतो. तिथे बहुतेक वेळा प्रतिशब्द विचारलेला असतो. ‘सूर्य’, घरे चार. दिनकर बसतो, दिवाकर बसतो, प्रभाकरही बसतो. तिघांची शेवटची दोन अक्षरेही तीच. उभा शब्द सुटेपर्यंत पेन्सिल थांबवून बसण्याशिवाय इलाज नाही. या कोड्यांबद्दल मला आदर आहे. शब्द आठवायची, शोधायची, विचारायची गोडी त्यांनी घरोघरी लावली. पण ती परीक्षा घेतात ती आठवणीची. एका शब्दाच्या पोटात दोन-तीन अर्थ सुखाने नांदवण्याचे मराठीचे जे बळ आहे, ते त्यात वापरलेच जात नाही.

ते वापरायला हवे याला आपल्या लिपीतलेच एक कारण आहे. इंग्रजी कोड्यात एका घरात सव्वीसांपैकी एक अक्षर बसते. छेदणाऱ्या शब्दातून एखादा स्वर हाती आला म्हणून लगेच उत्तर दिसत नाही. देवनागरीत घरात पुरे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि जोडाक्षर असेल तर तेही अखंड. बाराखडी धरली तर साधी अक्षरेच चारशेच्या वर जातात; जोडाक्षरे निराळी. म्हणून कोडे रचणाऱ्याला छेद जुळवताना घाम फुटतो. ‘आवर्तन’ आडवा घातला तर ‘र्त’मधून जाणारा उभा शब्द शोधून पाहावा! सोडवणाऱ्याला मात्र हेच सोयीचे पडते. चार घरांच्या शब्दात तिसरे घर ‘र्त’ आहे एवढे कळले, की पर्याय बोटांवर मोजण्याइतके उरतात. म्हणजे आपल्या चौकटीची जाळी फारसे काही लपवू शकत नाही. जे लपवायचे ते संकेतातच. मराठी कोडे कठीण व्हावे आणि रसाळही व्हावे असे वाटत असेल, तर भार संकेताने उचलला पाहिजे, आणि त्यासाठी श्लेषासारखे दुसरे साधन नाही.

श्लेष आपल्याला शाळेत भेटतो तो अलंकारांच्या यादीत. मित्र म्हणजे दोस्त आणि सूर्य, जीवन म्हणजे आयुष्य आणि पाणी, सुमन म्हणजे फूल आणि चांगले मन. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर अभंग श्लेष. तोडल्यावर निघाले तर सभंग, जसे ‘नवरी’ आणि ‘न वरी’. यामागे मोठी परंपरा आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले. कविराजाने ‘राघवपांडवीय’ रचून त्याच त्या श्लोकांतून रामकथाही चालवली आणि पांडवांची कथाही. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला, भीमेपलीकडच्या बारामतीत मोरोपंतांनी ओठाला ओठ न लागता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण लिहिले. ही सगळी थोर कामगिरी खरी, पण तिच्यामुळे एक समज रुजला, की शब्दांचे असले खेळ म्हणजे पंडितांचे काम आणि त्यांना लागतात ते संस्कृत शब्द. हा समज चुकीचा आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

त्याला पहिला पुरावा शाहिरांचा. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. दोन फड समोरासमोर आले की रात्रभर भेदिक चाले. एकाने दुहेरी अर्थाचा सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्यातला भेद ओळखून जवाब द्यायचा, आणि नाही देता आला तर भर सभेत हार मानायची. ऐकायला बसलेली माणसे शेतकरी, कारागीर, हमाल. सवाल कळल्याशिवाय जवाबाला दाद देता येत नाही, आणि दाद तर दणकून मिळे. १९६४ सालच्या ‘सवाल माझा ऐका!’ या चित्रपटाच्या नावातच त्या जुगलबंदीची हाक आहे. बायकांच्या उखाण्याचेही तसेच. आज उखाणा म्हणजे नाव घेणे एवढाच अर्थ उरला, पण उखाणा मुळात कोडेच. दोन अर्थांत खेळणे ही या मातीतली जुनी करमणूक आहे. तिला चौकट नव्हती इतकेच.

दुसरा पुरावा म्हणजे नगर जिल्ह्याची रोजची बोली. तो पहिल्यापेक्षा भक्कम आहे.

पाण्यापासून सुरुवात करू. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि कालव्याच्या पाण्याबरोबर एक अख्खी शब्दसंपत्ती रानात उतरली. धरणातून ठरावीक मुदतीने पाणी सुटते त्याला आवर्तन म्हणतात. तबल्यावर ताल समेला परत येतो तेव्हा पुरे होते तेही आवर्तन. गणपतीपुढे अथर्वशीर्षाची होतात तीही आवर्तनेच. ‘तबलजी मोजतो, टेलचा शेतकरी वाट पाहतो’, घरे चार. ज्याचे रान कालव्याच्या शेपटाला आहे, ज्याच्यापर्यंत पाणी पोचेतो मुदत संपत येते, त्याला या संकेतातली ‘वाट पाहतो’ ही अक्षरे किती जड आहेत ते सांगायला नको.

कालव्यातून पाणी पाटात येते. पाट म्हणजे जेवायला बसायची लाकडी फळीही, आणि पाट लावणे म्हणजे पुनर्विवाह. पाटातून पाणी चारीत जाते. चारी म्हणजे चारही. ‘पाणी वाहते ती, दिशा असतात त्या’, घरे दोन. चारीतून ते सरीत येते. आता ‘सरी’ हा शब्द पाहा. उसासाठी रानात पाडतात ती सरी, बाईच्या गळ्यात सोन्याची असते ती सरी, आणि पावसाच्या येतात त्याही सरी. ‘पाडल्या तर उसाला, पडल्या तर श्रावणाला’, घरे दोन. एका कान्याने शेतकऱ्याचे काम आणि आभाळाचे काम वेगळे होते. हा संकेत तयार करायला मला काहीच करावे लागले नाही. तो भाषेत आधीपासून होता, फक्त उचलून चौकटीत ठेवला.

सरीत आलेले पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायचे, म्हणजे दारे धरायची. कुठे दारे म्हणतात, कुठे बारे. वीज पुष्कळदा रात्रीची असते, म्हणून माणूस बॅटरी आणि खोरे घेऊन थंडीत बांधावर उभा असतो. ‘निजताना लावतात, जागून धरतात’, घरे दोन. शहरातला वाचक इथे अडखळेल, कारण त्याला दारे लावणे माहीत आहे, धरणे माहीत नाही. त्याने अडखळावे अशी माझी इच्छा आहे. मग तो कुणाला तरी विचारेल.

आता ऊस. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने, आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. तेव्हापासून या जिल्ह्यात साखरेची एक स्वतंत्र मराठी बोलली जाते. ज्या रानात तोड चालू असते तो फड. तमाशाचा असतो तोही फड, कुस्त्यांचा असतो तोही फड. हंगामाच्या आरंभी ज्या जागी मोळी टाकून पूजा करतात ती कारखान्याची गव्हाण. गोठ्यात बैलापुढे असते तीही गव्हाण. उसाने भरलेली ट्रॉली ज्यावर जाते तो काटा, पायात मोडतो तो काटा, घड्याळात फिरतो तो काटा. ऊस तोडायचे हत्यार कोयता, आणि ते चालवणाऱ्या नवरा-बायकोची जोडी मिळूनही एक कोयताच. मुकादम मोजणी करतो ती अशा कोयत्यांची.

या शब्दांतला ‘उचल’ मला सर्वांत बोलका वाटतो. पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातली माणसे तोडीला निघतात त्याआधी मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतात, तिला उचल म्हणतात. हंगामभर राबून ती फेडायची असते. आणि ‘उचल’ ही आज्ञाही आहे: मोळी उचल, डोक्यावर घे, ट्रॉलीत टाक. यावरून संकेत झाला: ‘“घे डोक्यावर” म्हणणारी आगाऊ रक्कम’, घरे तीन. वाचणारा आधी ‘आगाऊ’ या शब्दावर घसरतो, कारण आगाऊ म्हणजे अगोदरची आणि आगाऊ म्हणजे उद्धटही. मग त्याला वाटते, की हुकूम सोडणारी उद्धट रक्कम म्हणजे काय बुवा? उत्तर लिहिल्यावर कळते की शब्दांनी सरळ खरे तेच सांगितले होते. ही रक्कम घेणाऱ्याच्या डोक्यावरच बसते. कोडे सोडवताना एखाद्या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांवर असा उजेड टाकतात, तेव्हा तो खेळ राहत नाही. शब्द वापरणाऱ्यांनी त्यात काय भरून ठेवले आहे ते दिसते.

पेरू मात्र निव्वळ आनंदासाठी. राहात्याचे पेरू ज्याने खाल्ले नाहीत त्याच्या शब्दकोशात हा शब्द अपुरा आहे. ‘राहात्याच्या बागेत पिकणारा दक्षिण अमेरिकेतला देश’, घरे दोन. यात तिसरा अर्थही घुसवता येतो. पावसाची उघडीप मिळाली की घरात प्रश्न निघतो, काय पेरू?

सोडवणाऱ्याच्या हाती शस्त्र कोणते, याकडे आता येतो. शस्त्र आहे व्याकरण. शाळेत ज्याचा कंटाळा येतो ते लिंग, वचन आणि सामान्यरूप इथे पोलिसी कुत्र्यासारखे माग काढतात.

लिंग पाहा. माळ स्त्रीलिंगी असली की गळ्यात पडते. पुल्लिंगी असला की त्याच्यावर कुसळे उगवतात. मान स्त्रीलिंगी म्हणजे गळ्यावरची, पुल्लिंगी म्हणजे सन्मान. नाव नपुंसकलिंगी असेल तर कागदावर लिहितात, स्त्रीलिंगी असेल तर ती पाण्यावर चालते. म्हणून संकेतात ‘मोठी’, ‘त्याची’, ‘तिच्यात’ असले शब्द दिसले की त्यांच्याकडे आधी बघावे. ‘कोथिंबिरीचा एक, चहाच्या अनेक’, घरे दोन. ‘चा’ आणि ‘च्या’ यांनी सगळे सांगून टाकले आहे. एक आहे तो पुल्लिंगी एकवचनी, अनेक आहेत त्या स्त्रीलिंगी. कोथिंबिरीचा वाफा, चहाच्या वाफा. मुरलेला कोडेकार हे जाणून असतो, म्हणून तो होता होईतो शब्द प्रथमेत ठेवतो, विशेषण टाळतो, क्रियापद अशा रूपात घालतो की लिंग उघडे पडू नये. ‘येतो’ लिहिले तर पुरुष दिसला. ‘यावे’ लिहिले तर कुणीच दिसत नाही.

सामान्यरूपाचे काम याहून बारीक. धान्य सुपात असते आणि पारनेर तालुक्यातले कारखाने सुप्यात असतात. सूप आणि सुपा, विभक्ती लागली की दोघे वेगळे झाले, श्लेष मोडला. याच्या उलट प्रकार अकोल्याचा. आपल्या जिल्ह्यातले अकोले आणि विदर्भातले अकोला, मूळ शब्द वेगळे. पण ‘अकोल्याला चाललो’ म्हटले की ऐकणाऱ्याने विचारायलाच हवे, कोणत्या? इथे सामान्यरूपच दोन गावांना एक करते. ‘राज्यात सर्वांत उंच, आणि तीही अकोल्यात’, घरे पाच. ज्याचे मन विदर्भाच्या सपाटीवर गेले तो तिथे डोंगर शोधत बसेल. १६४६ मीटरची कळसूबाई सह्याद्रीत आहे, अकोले तालुक्यात. कोणत्या शब्दाचे सामान्यरूप दुसऱ्या कोणत्या शब्दासारखे होते, याची वही घालावी. सोडवणाऱ्याला ती उपयोगी, रचणाऱ्याला त्याहून.

पाट आणि काटा यांसारख्या शब्दांत व्याकरण हात टेकते. सगळे अर्थ पुल्लिंगी, सगळ्यांचे सामान्यरूप एकच. तिथे क्रियापद बघावे. पाटावर काय करतात, पाटाला काय येते, पाट काय करतात? बसतात, पाणी येते, लावतात. शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीतल्या क्रियापदावरून. कोशात अर्थ असतो, पण ही संगत बोलण्यातून कळते, आणि म्हणून बोलणाऱ्यांमध्ये बसलेला माणूस ही कोडी लवकर सोडवतो असा माझा अनुभव आहे.

सभंग श्लेषाला या जिल्ह्यातल्या गावांनी भरभरून सामग्री दिली आहे. चौदा तालुके, आणि त्यांतले निम्मे तरी तोडले की दोन शब्द होतात. कोपर आणि गाव, शेव आणि गाव, जाम आणि खेड, संगम आणि नेर. ‘चिवड्यातला जिन्नस पुढे करणारे गाव’ म्हणजे शेवगाव, हे शाळकरी मूलही सांगेल, आणि मुलांसाठी अशी सोपी कोडी या पुस्तकात मुद्दाम घातली आहेत. जरा वरची पायरी कर्जतची. ‘देणे संपले तरी शेवटी त उरतो, असा तालुका’, घरे तीन. इथे ‘देणे’ हे क्रियापद म्हणून वाचले तर वाट चुकली. नाम म्हणून वाचले तर देणे म्हणजे कर्ज, त्यानंतर त. शिवाय कर्जत रायगडातही आहे, तेव्हा नावातच दोन तालुके. राशी संपल्यावर न आला की राशीन, जगदंबेचे गाव.

आणि नेवासा. ‘घेऊन जा छपराचे लाकूड, ज्ञानेश्वरीच्या गावी’, घरे तीन. ‘ने’ ही आज्ञा, ‘वासा’ हे लाकूड. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेकाठी या गावी ज्ञानेश्वरांनी आपला ग्रंथ सांगितला. मराठीत शब्द किती अर्थ पेलू शकतो याची पहिली मोठी परीक्षा झाली ती जागा आपल्या जिल्ह्यात आहे, आणि शब्दांशी खेळणाऱ्या कोणत्याही नगरकराने ते विसरू नये. त्या गावाचे नाव कोड्यात घालताना हात जरा थबकला होता. पण कूट रचनांचे वावडे संतांनाही नव्हते.

‘नगर’ हा शब्द तर स्वतःच श्लेष आहे. १४९० साली अहमद निजामशहाने शहर वसवले, त्याचे नाव अहमदनगर. २०२४ साली शहराला आणि जिल्ह्याला अधिकृत नाव मिळाले अहिल्यानगर, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवींचे. दोन्ही नावांच्या शेवटी नगर आहे, आणि एसटीच्या खिडकीतून माणूस अजून विचारतो ते ‘नगर का?’ एवढेच. नगर म्हणजे कोणतेही शहर, आणि नगर म्हणजे हेच शहर. याहून सरळ द्व्यर्थी संकेत मला सापडला नाही.

कोडे म्हणजे नुसती संदिग्धता नव्हे, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी जरा इतिहासात जावे लागेल. आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात पहिले शब्दकोडे छापले. पुढच्या काही वर्षांत त्याने जग व्यापले, आणि आपल्याकडे त्याला बक्षिसांची जोड मिळाली. प्रवेशफी भरायची, कूपन पाठवायचे, उत्तर जुळले तर हजारो रुपये. १९५० च्या आसपास अशा स्पर्धांचे पेवच फुटले होते. त्यांतल्या संकेतांची रीत अशी: ‘शेतकऱ्याला हा मिळाला तर समाधान’, दोन घरे, दुसरे अक्षर ‘व’. भाव की वाव? दोन्ही चालतात. बरोबर कोणते, ते आयोजकांनी आधीच ठरवलेले. विचार कितीही केला तरी शेवटी अंदाजच. १९५५ साली केंद्राने बक्षीस स्पर्धांचा कायदा केला आणि महिन्याला हजार रुपयांच्या वर बक्षीस देणाऱ्या अशा स्पर्धांना बंदी घातली. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातून मुंबई राज्यात येणाऱ्या आर. एम. डी. सी. कोड्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ९ एप्रिल १९५७ च्या निकालांत न्यायालयाने कौशल्याचा खेळ आणि जुगार यांच्यात रेघ ओढली.

ही रेघ संकेतातही ओढता येते. वरचाच संकेत असा करा: ‘शेतकऱ्याला हवा, भक्तालाही हवा’. आता वाव बाद झाला. शेतमालाचा भाव आणि भक्ताचा भाव, दोन्ही बाजूंनी एकच शब्द पक्का झाला. दोन अर्थांमुळे उत्तर सैल व्हायला नको, ते आवळले गेले पाहिजे. एक अर्थ आपल्याला चार शब्दांपर्यंत आणतो, दुसरा त्यांतले तीन गाळतो. इंग्लंडात १९२० च्या दशकापासून टॉर्कमाडा या टोपणनावाने ई. पॉविस मॅथर्स आणि त्यांच्या मागून झिमेनीस या नावाने डी. एस. मॅकनट यांनी हे शास्त्र घडवले. दोन्ही नावे स्पेनमधल्या कठोर धर्मचौकशी अधिकाऱ्यांची आहेत. मॅकनट यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात न्याय्य संकेताची लक्षणे मांडली: नेमकी व्याख्या, उत्तराकडे नेणारी प्रामाणिक दुसरी वाट, आणि याशिवाय काहीही नाही. या तिसऱ्या अटीवर मी फार भर देतो. या संग्रहातला एखादा संकेत निवडताना त्यातला प्रत्येक शब्द झाकून पाहिला, आणि जो झाकला तरी अडत नाही तो काढून टाकला.

एवढे लक्षात ठेवून सुरुवात करावी. संकेत एकदा सरळ वाचावा आणि मनात आलेले चित्र ओळखून ते पुसावे. मग प्रत्येक शब्दाला विचारावे, तू नाम की क्रियापद? ‘कर’, ‘वर’, ‘उचल’, ‘आले’, ‘हवा’ हे शब्द दोन्हीकडे नांदतात. व्याख्या बहुधा संकेताच्या एका टोकाला असते. ती मधोमध क्वचितच दडते. नावाआडून गाव येते, गावाआडून फळ येते. अडलात तर कोश उघडा. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ यांच्याइतकी साथ दुसरे कुणी देत नाही, कारण दोन्हींत शब्दापुढे लिंग दिलेले असते आणि एकाच रूपाचे निरनिराळे शब्द निरनिराळे मांडलेले असतात. १८३८ साली स्थापन झालेल्या नगरच्या जिल्हा वाचनालयासारख्या जागी असा कोश मांडीवर घेऊन बसलेला वाचक दिसला, की मला या भाषेची काळजी वाटत नाही.

तरीही कोशांना सगळे ठाऊक नाही. दारे धरणे, उचल घेणे, कोयता मोजणे यांतले पुष्कळ अर्थ लिहिले गेले ते उशिरा, आणि काही लिहिलेलेच नाहीत. ठिबकची नळी आली तसे दारे धरणारे कमी झाले. तोडणीची यंत्रे आली तसे कोयतेही कमी होतील. शब्द वापरणारी माणसे गेली की दुसरा अर्थ आधी जातो, आणि शब्द एकार्थी होऊन मागे राहतो. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या तालुक्यात, तुमच्या धंद्यात, तुमच्या घरात ज्या शब्दाला बाहेर कुणाला माहीत नसलेला अर्थ आहे, तो लिहून पाठवा. विणकराचा, वीटभट्टीवाल्याचा, मेंढपाळाचा, दूध संकलन केंद्रावरचा, कुठलाही. सोबत त्याचे लिंग, अनेकवचन, सामान्यरूप आणि ज्या वाक्यात तो तुम्ही ऐकला ते वाक्य जसेच्या तसे द्या. संकेत आपण मिळून करू.